विश्लेषण : गोदाकाठी वाइन टेस्टिंग आणि बोटीची सैर... जानेफळहून निघणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावाहून नाशिक पाच-सहा तासांवर आले आहे. शिर्डीचे दर्शन, त्र्यंबकेश्वर आणि परत, हा बेत जुनाच. त्यात आता द्राक्षबागेतील वाइन टेस्टिंग आणि गंगापूर धरणातील बोटीची सैर यांची भर पडू लागली आहे. मोबाइलवर युरोपातील नदीवरच्या क्रूझचे व्हिडीओ पाहून तसेच काही इथेही असेल, अशी अपेक्षा घेऊन निघणारेही असतात. प्रत्यक्षात काय मिळते, टेस्टिंग म्हणजे काय, पाच-सहा घोटांत किती दारू पोटात जाते आणि परतीची गाडी कोणी चालवायची, याविषयी...

नदी, बोट आणि वाइन यांचे नाते कुठून आले?

वाइन जड असते आणि लाकडी पिंपांतून न्यायची तर आणखी जड. युरोपात रस्ते खराब होते त्या काळात हा माल नदीतूनच बंदरापर्यंत जाई. पोर्तुगालमधील दुरो नदीच्या खोऱ्यातील वाइन सपाट तळाच्या होड्यांतून पोर्तोला उतरवली जात असे. या खोऱ्याची हद्द तर १७५६ मध्येच सरकारी हुकमाने आखून दिली गेली. जर्मनीत ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर उभ्या उतारांवर द्राक्षबागा आहेत. पाटीसारख्या दगडाची जमीन दिवसभर ऊन धरून ठेवते आणि थंड देशातही द्राक्ष पिकते. कोलोनच्या परिसरात या नदीवर वाफेच्या बोटींची प्रवासी कंपनी १८२६ मध्ये सुरू झाली, म्हणजे पर्यटकांनी बोटीतून बागा पाहण्याची सवय दोनशे वर्षांची आहे.

आज युरोपला जाणाऱ्या मराठी सहलींमध्ये बोपार्ड ते सेंट गोआर असा तासाभराचा ऱ्हाइनचा फेरा अनेकदा असतो. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. एका वळणावर किल्ला, पुढच्या वळणावर गाव, मध्ये बागा. जुन्या व्यापाराची वाट आता सहलीची वाट झाली आहे. तिथल्या दिवसभराच्या क्रूझमध्ये वाइन बोटीवर मिळते किंवा बोट काठाला लागते आणि प्रवासी तळघरात जाऊन चव घेऊन परत येतात.

महाराष्ट्रात अशी क्रूझ आहे का?

या अर्थाने नाही. कारण साधे आहे. ऱ्हाइनला आल्प्सच्या बर्फाचे आणि मोठ्या सरोवराचे पाणी वर्षभर मिळते. दख्खनच्या नद्या पावसावर चालतात. श्रावणात दुथडी भरून वाहणारी नदी वैशाखात डोहांपुरती उरते. त्यामुळे आपल्याकडे नदीकाठी घाट, देवळे आणि बाजार वाढले. मालवाहतूक मात्र बैलगाडीने आणि नंतर रेल्वेने झाली. नाशिकची द्राक्षे गोदावरीतून कधी मुंबईला गेली नाहीत.

मेहकरजवळून वाहणारी पैनगंगा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. गंमत अशी की, २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातील १११ जलमार्गांच्या यादीत पैनगंगा-वर्धा या नदीप्रणालीचेही नाव आहे. अर्थात तो पट्टा खूप खालचा, विदर्भ आणि तेलंगण यांच्या सीमेकडचा. जानेफळकरांसाठी बोटीला पुरेल एवढे पाणी म्हणजे पेनटाकळीसारख्या धरणाचा जलाशय.

नाशिकलाही तसेच आहे. तिथे ‘रिव्हर क्रूझ’ म्हणून जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा गंगापूर धरणाच्या फुगवट्यातील बोटिंग असते. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहरात शिरण्याआधी या मातीच्या धरणात अडवली आहे. धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. काठावर राज्य पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आणि निवासस्थान आहे. पाणी, मागे डोंगर, काठाने बागा, हे दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. पण ती तासाभराची सैर आहे, दिवसभराचा प्रवास नाही, आणि तिथे वाइनचे पेले फिरत नाहीत. पावसाळ्यात आणि जोराच्या वाऱ्यात बोटी थांबवाव्या लागतात. घरून निघण्याआधी फोन करून बोटी सुरू आहेत का ते विचारावे, नाहीतर मुले हिरमुसतात.

बोटीत बसताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. हे नाशिक शहराचे पिण्याचे पाणी आहे. समृद्धीने येताना जी छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही गावे लागतात, तेथील लोकही याच गोदावरीकडे डोळे लावून असतात. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावरून दर काही वर्षांनी वाद पेटतो आणि तो न्यायालयापर्यंत जातो. प्लास्टिकची बाटली त्या पाण्यात टाकणाऱ्याला बोटवाल्याने हटकले तर राग मानू नये.

मग वाइन नाशिकलाच का?

नाशिकला खाण्याची द्राक्षे आधीपासून होती. दिवसा ऊन, हिवाळ्याच्या रात्री चांगली थंडी, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि धरणांमुळे ठिबकला मिळणारे पाणी, हे सगळे एका जागी आले. राज्यातील आधुनिक वाइनची सुरुवात मात्र पुणे जिल्ह्यातील नारायणगावच्या बाजूला १९८० च्या दशकात झाली होती. नाशिकचे चित्र बदलले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी कुटुंबाच्या जमिनीवर १९९७ मध्ये वाइनच्या जातींची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आणली. हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून आले. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस इथे वाइन पार्क आले. सुलाने २००५ मध्ये बागेतच टेस्टिंग रूम उघडली आणि ‘बाग पाहायला जाऊ’ ही सहलीची नवी तऱ्हा सुरू झाली. आता गंगापूर रस्त्याच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा, तर इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोने अशा वायनरी पर्यटकांना येऊ देतात.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. आपल्याकडे वेलाला झोप नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी. काढणी जानेवारी ते मार्च. बाग घडांनी लगडलेली पाहायची असेल तर याच दिवसांत जावे. मे महिन्यात गेल्यास वाइन मिळेल, पण बागेत फक्त काड्या आणि पाने दिसतील.

टेस्टिंगमध्ये नेमके काय करतात?

आधी अर्धा-पाऊण तास वायनरीची फेरी असते. द्राक्षे कुठे उतरतात, रस कसा निघतो, स्टीलच्या मोठ्या टाक्यांत थंड तापमानात तो कसा आंबतो, हे दाखवले जाते. यीस्ट रसातील साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते, बस्स. बाकी सगळी करामत वेळ, तापमान आणि स्वच्छतेची. इडलीचे पीठ ज्या घरात नीट फुगते, त्या घरातील बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. अनेकांना पहिला धक्का बसतो तो रंगाचा. काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा फिकटच असतो. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. साल लगेच बाजूला काढली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते.

मग टेबलावर पेले येतात. प्रत्येकात साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. आधी फिकट, शेवटी गडद किंवा गोड. पेला दांडीला धरायचा, कारण तळहाताच्या उबेने वाइन गरम होते. आधी पांढऱ्या कागदासमोर रंग पाहायचा. पेला हलकेच गोल फिरवून वास घ्यायचा, कारण चवीतला मोठा भाग नाकानेच कळतो. सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती यामुळेच. मग छोटा घोट तोंडभर फिरवायचा आणि गिळायचा किंवा शेजारच्या भांड्यात थुंकायचा.

थुंकणे इथे असभ्य नाही. ज्यांचे पोट या धंद्यावर आहे ते दिवसात पन्नास-पन्नास नमुने चाखतात आणि सगळे थुंकतात. आपल्याकडे पैसे दिलेले थुंकायचे कसे, हा प्रश्न आडवा येतो खरा.

वाढणाऱ्याच्या बोलण्यातील काही शब्दांनी गोंधळ होतो. ‘ड्राय’ म्हणजे कोरडी नव्हे, तर गोड नसलेली. ‘टॅनिन’ म्हणजे कच्च्या सुपारीने किंवा जांभळाने जीभ ओढल्यासारखी होते तो तुरटपणा. तो साल आणि बियांतून येतो, म्हणून लाल वाइनमध्ये जास्त. ‘ॲसिडिटी’ म्हणजे पित्त नव्हे, तर जिभेच्या कडांना जाणवणारा आंबटपणा. एखाद्या वाइनला पेरूचा किंवा हिरव्या मिरचीचा वास येतो असे सांगितले, तर त्यात पेरू किंवा मिरची घातलेली नसते. आणि पहिल्यांदाच चाखणाऱ्याला बहुतेक वाइन आंबट-तुरट लागून तोंड वाकडे होते. यात त्याची चूक नाही. ‘वाइन’ म्हटल्यावर द्राक्षाचे गोड सरबत डोळ्यासमोर येते, त्याचा हा परिणाम.

पाच घोट म्हणजे किती दारू?

या सगळ्या सहलीतील महत्त्वाचा आणि सहसा न विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा ऐकू येते की हिशेब मांडलेला बरा.

पाच नमुने प्रत्येकी ३० मिलिलिटर धरले तर १५० मिलिलिटर वाइन होते. वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते. १३ टक्के धरले तर त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आले. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे ‘नुसती चव पाहिली’ म्हणणाऱ्याने दीड पेग घेतलेला असतो. मध्ये जेवणाबरोबर आणखी एक ग्लास झाला तर तीन.

मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने ते पाचही नमुने रिकाम्या पोटी, तासाभरात गिळले तर तो या मर्यादेच्या आसपास किंवा तिच्याही वर जाऊ शकतो. शरीर अल्कोहोल बाहेर टाकते ते आपल्याच गतीने, तासागणिक थोडे थोडे. ताक, कॉफी, गार पाण्याने चेहरा धुणे, यातील कशानेही ही गती वाढत नाही. पहिल्यांदा पकडले गेल्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

आणि परतीचा रस्ता ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेचा, सरळसोट, डोळा लागेल असा. बुलढाणा जिल्ह्याला या रस्त्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला.

तेव्हा घरून निघतानाच ठरवावे की गाडी कोण चालवणार, आणि त्याने थेंबही घेऊ नये. बहुतेक ठिकाणी द्राक्षाचा रस किंवा इतर पेये मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे आपली गाडी मुक्कामाच्या जागी ठेवून वायनरीला नाशिकची टॅक्सी करणे. पैसे थोडे जास्त जातात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. त्यामुळे ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हे कारण पुढे करून घरातील बीपी-शुगरच्या रुग्णाला आग्रह करणे टाळावे. गर्भवतीला तर अजिबात नाही.

कायदा आणखी काय सांगतो?

महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. वायनरीत ओळखपत्र मागितले जाऊ शकते, ते जवळ ठेवावे. मुलांना बाग आणि कारखाना पाहायला नेण्याबाबत प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. २६ जानेवारीला ड्राय डे असतो. नेमक्या द्राक्षाच्या हंगामात, जोडून सुट्टी आली म्हणून निघालेल्यांचा बेत याच तारखेला फसतो. निवडणुकीच्या काळातही चौकशी करावी.

वायनरीतून बाटली विकत घेतली तर पावती सांभाळून ठेवावी. बुलढाण्याकडे येताना वाटेत दारूबंदीचा जिल्हा लागत नाही. पण हाच महामार्ग पुढे वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी आहे. नागपूरच्या पाहुण्यांसाठी बाटली नेण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडावा.

राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राजकीय विरोध झाला आणि निर्णय बासनात गेला. दरम्यान, आपल्या तालुक्याच्या गावी ‘वाइन शॉप’ असा फलक असलेल्या दुकानात वाइन सोडून बाकी सगळे मिळते, ही गोष्ट निराळी.

यातून शेतकऱ्याला काय मिळते?

त्या निर्णयाच्या बाजूने मुख्य मुद्दा शेतकऱ्याचा मांडला गेला होता. तो तपासून घ्यावा असा आहे. राज्यातील द्राक्षांचा अगदी थोडा हिस्सा वाइनला जातो. बहुतांश माल खाण्यासाठी आणि त्याखालोखाल बेदाण्यासाठी जातो. वाइनच्या जातीही वेगळ्या असतात. शेनिन ब्लॉ, सोव्हिन्यों ब्लॉ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशी त्यांची नावे आहेत. मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉमसन किंवा सोनाकासारखी ही द्राक्षे हातगाडीवर विकली जात नाहीत.

त्यामुळे वाइन द्राक्षाची शेती बहुधा वायनरीशी करार करूनच होते. दर आधी ठरलेला, साखरेचे प्रमाण आणि प्रतीप्रमाणे कमी-जास्त. बाजार समितीतील भावाच्या चढउतारातून सुटका, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की वायनरीने पाठ फिरवली तर दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८-०९ च्या मंदीत नेमके हेच झाले. धोरणाच्या उत्साहात उभ्या राहिलेल्या अनेक वायनरी अडचणीत आल्या, माल टाक्यांत पडून राहिला आणि शेतकऱ्यांनी वाढवलेल्या बागा उपटून टाकल्या. सोयाबीन आणि कापसाच्या भावाने गांजलेल्या मेहकर-जानेफळच्या शेतकऱ्याने नाशिकची हिरवीगार बाग पाहून ‘आपणही लावू’ असे मनात आणले, तर त्याने टेस्टिंग रूममधील माणसाबरोबरच बागेत काम करणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारावेत. करार किती वर्षांचा आहे, आणि माल नाकारला तर पुढे काय. पाण्याची खात्री, मांडवाचा खर्च आणि कीडनाशकांच्या फवारण्या हे त्यानंतरचे प्रश्न. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र याबाबत शेतकऱ्यांना सल्ला देते.

दिवस कसा आखावा?

जानेफळहून मेहकरला येऊन समृद्धीला लागले की नाशिकपर्यंतचे अंतर साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर भरते. जाऊन-येऊन एका दिवसात हे करणे शहाणपणाचे नाही. आदल्या संध्याकाळी पोहोचावे आणि टेस्टिंगनंतरची रात्रही नाशिकलाच काढावी. सकाळी पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर. ज्या मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, ते हेच. तिथून गंगापूर रस्त्याने सोमेश्वरचा धबधबा आणि धरण. बोटीत आधी बसावे, लाइफ जॅकेट घालून, वाइन नंतर. पोटात दारू आणि पायाखाली पाणी, ही जोडी कोणत्याही बोटवाल्याला आवडत नाही. दुपारचे जेवण करून मग टेस्टिंगला जावे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, तेव्हा आधी नोंदणी केलेली बरी. सिंहस्थाच्या पर्वकाळात हा बेतच करू नये. राहायला खोली मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना थोडी वाट वाकडी केली तर निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर लागते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे झालेल्या या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी दुसरे ठरले ते मेहकरच्या शेजारचे लोणार. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात. ते काठावरच्या मनोऱ्यातून पाहायचे असतात. पक्षी सकाळी चांगले दिसतात, त्यामुळे नाशिकहून सहा वाजता निघावे आणि दुर्बीण असेल तर गाडीत टाकावी.